सावलीचा खांदा

आम्हाला तिरंदाजी शिकवणारे सर बाण कुठे लागला ते कधी पाहत नसत. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी गंमत करते आहे. पण वरवट बकालच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंग कारखान्याच्या आवारात ज्यांनी ज्यांनी म्हणून सकाळी धनुष्य उचललं, त्यांच्यापैकी कुणालाही विचारून पाहा. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, तिच्या अलीकडे पन्नास मीटरवर चिंध्या ठासून भरलेल्या पोत्यांची थप्पी, थप्पीवर रंगीत कागद. आम्ही सातआठ मुलंमुली रांगेत उभी. आणि सरांची प्लास्टिकची खुर्ची मात्र पश्चिमेकडच्या उंच भिंतीकडे तोंड करून मांडलेली. ऊन पूर्वेकडून यायचं, आमच्या सावल्या त्या भिंतीवर पडायच्या, आणि सर त्या सावल्यांना शिकवायचे.

"तुया सावलीचा खांदा वर गेला पाह्य," भिंतीवरची नजर न काढता ते म्हणायचे. "तिले सांग, खाली घे म्हना."

"सर, सावलीले कसं सांगू?"

"तिले सांगता येत नसन त सोताले सांग. ती तुयं ऐकते."

मी अकरावीत असताना पहिल्यांदा त्या आवारात गेले. मोबाईलवर मिळतील तेवढे तिरंदाजीचे व्हिडिओ पाहून गेले होते. कोपर कुठे, हनुवटी कुठे, सगळं तोंडपाठ. माझे व्हिडिओही मी मैत्रिणीकडून काढून घ्यायचे आणि रात्री जेवताना पुन्हा पुन्हा पाहायचे. एकदा धीर करून तो मोबाईल सरांपुढे धरला. त्यांनी पाहिलं, अगदी शेवटपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, "ड्रेस छान हाय तुया."

मला राग आला. ते हसले नाहीत. म्हणाले, "याच्यात तू दिसतं. तुयं तोंड दिसते, केस दिसतात, मांगची भिंत दिसते. आपल्याले यातलं काहीच नाई पायजे. फक्त आकार पायजे. तो सावलीत दिसते."

सर मूळचे चित्रकलेचे शिक्षक. आमच्याच भागातल्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं फुलदाणी, पेरू आणि स्मरणचित्र शिकवलं. तिरंदाजीकडे ते कसे आले, हे त्यांना विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. कधी म्हणायचे, शाळेत खेळाचे शिक्षकच नव्हते, मुख्याध्यापकांनी चिठ्ठी टाकली आणि माझं नाव निघालं. कधी म्हणायचे, चुकून. पण काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एकदा पोहे देता देता खरं काय ते सांगितलं. शाळेची कबड्डीची मुलं घेऊन सर कुठल्याशा स्पर्धेला गेले होते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक मुलगी दोरी गालापर्यंत ओढून स्थिर उभी होती. हे कुंपणाशी जाऊन उभे राहिले ते तिथेच. कबड्डीची मुलं जिंकली, गाडीत बसली, गाणी म्हणत गावाला परत आली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की सर मागेच राहिले.

"दुसऱ्या दिवशी आले," काकू म्हणाल्या. "मी म्हनलं, कोठी होते? त म्हनतात, एक चित्र पाहून राह्यलो होतो. यायले मेथी आनायले धाडलं तरी दुपारी येतात, अन् मेथी इसरून येतात. काय सांगू तुले माय."

हे अगदी खरं होतं. सर कुठेही थांबायचे. बसस्टँडच्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी, थकून बसलेला बैल, शिवणयंत्रावर वाकलेला शिंपी. थांबले की त्यांच्या अंगात एक संथपणा उतरायचा, आणि आपण शेजारी उभं असलो तर तो आपल्याही अंगात यायचा. त्यांच्याबरोबर पायी दुकानापर्यंत जाऊन आलं तर झोपून उठल्यासारखं वाटायचं.

त्यांचे हात थरथरत. दोन्ही. म्हातारपणाचं ते थरथरणं नव्हतं, फार आधीपासूनचं होतं. स्टँडवरचा चहावाला त्यांना एक कप चहा दोन कपांत अर्धा अर्धा करून द्यायचा, न सांगता. सर कप दोन्ही तळव्यांत धरून तोंडाशी न्यायचे, आणि तोवर आम्ही सगळे उगाच दुसरीकडे पाहायचो. चित्रकलेच्या मास्तरचे हात थरथरतात, आणि तो नेम धरायला शिकवतो, ही गोष्ट गावाला पहिल्यांदा गमतीची वाटली, नंतर गाव विसरलं.

त्या थरथरीमुळेच भिंतीवरचं काम आमच्याकडे असायचं. महिन्यातून एकदा सर एकेकाला धनुष्य ओढून उभं करायचे, आणि दुसऱ्याने कोळशाने त्याच्या सावलीची कड गिरवायची. खाली नाव. पुढच्या महिन्यात त्याच जागी गेरूने. दोन्ही रेघांत कुठे किती फरक पडला ते पाहत सर बराच वेळ भिंतीजवळ हिंडायचे. पावसाळ्यात सगळं धुऊन जायचं. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडे सरकलं की सावल्या लांबट व्हायच्या, मग आमच्या उभं राहायच्या खुणाही थोड्या सरकायच्या. आवारात कापसाची रुई अजून कुठून कुठून उडायची. ती दोरीला चिकटायची, पापण्यांना चिकटायची. सकाळच्या धुक्यात त्या भिंतीवर दोन्ही हात पसरून उभी राहिलेली काळी आणि तांबडी माणसं पाहिली की क्षणभर कळायचं नाही, आपण कुठलं आणि भिंतीवरचं कुठलं.

आमचं धनुष्य कंपाउंड. देवादिकांच्या चित्रात असतं तसं नाही. दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. ओढायला लागलं की अर्ध्या वाटेपर्यंत ते अगदी जीव खातं, आणि मग चाकं वळली की एकाएकी हलकं होतं. दोरी गालाशी धरून निवांत उभं राहता येतं. सर म्हणायचे, "घाट चढून गेलं की पठार लागते. पठारावर बसाचं असते बाप्पा. लोकं तठी पोचले की लगेच उतरायले पाह्यतात." दोरी बोटांनी ओढत नाहीत. मुठीत रिलीज नावाची एक छोटी कडी असते, तिने दोरी धरायची, आणि कडीवरचं बटण दाबलं की बाण सुटतो.

माझं सगळं बिघडलं ते त्या बटणात.

हे धनुष्य बाबांनी आणून दिलेलं. बाबा ग्रामपंचायतीत लिपिक. खेळाच्या कोट्यातून मुलीला सरकारी नोकरी लागू शकते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि एका रविवारी मोटारसायकल विकून अमरावतीहून खेळ सोडून दिलेल्या एका खेळाडूचं जुनं कंपाउंड घेऊन आले. तेव्हापासून ते सायकलवर. संध्याकाळी सायकल भिंतीला लावताना त्यांच्या चेनची करकर ऐकली की मी धनुष्य पुसायला घ्यायचे.

दोन वर्षं बरी गेली. जिल्ह्यात दुसरी आले, विभागात गेले. आणि मग कधीतरी, कशाने ते आजही सांगता येत नाही, माझं टिंब अडकायला लागलं. धनुष्यावर भिंग असतं, भिंगात एक टिंब. ते टिंब कागदाच्या मधल्या पिवळ्यावर न्यायचं. माझं टिंब पिवळ्याच्या खाली येऊन थांबायचं. वर जायचंच नाही. जसं कुणी मनगट धरून ठेवलंय. आणि मग ते कसंबसं पिवळ्याला शिवलं की माझं बोट माझ्या आधी बटणावर पडायचं. फाट! बाण कुठेही. मी रात्री अंथरुणात पडून बोट हलवून पाहायचे. बोट माझंच होतं.

सरांना मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. एका सकाळी ते खुर्चीतून उठले, भिंतीजवळ गेले आणि माझ्या सावलीच्या मुठीवर बोट ठेवून म्हणाले, "हिले कशाची घाई झाली व?"

मी रडायलाच लागले.

ते काही समजूत घालत बसले नाहीत. पन्नास मीटर चालत गेले, पोत्यावरचा माझा कागद काढला, चार घड्या करून खिशात घातला आणि परत आले. "आजपासून तुले कागद नाई," म्हणाले.

"कधीपर्यंत सर?"

"तुयं कागद मांगनं सुटीन तधपर्यंत."

दिवाळी नुकतीच झाली होती. मला वेगळं पोतं मिळालं, भिंतीच्या कडेला, दोन पावलांवर. त्यावर काही नाही. एक ठिपकासुद्धा नाही. आणि डोळे मिटून बाण सोडायचा. माझी बटणाची कडी त्यांनी काढून घेतली आणि कुठून तरी आणलेली एक बिनबटणाची कडी हातात दिली. तिला दाबायला काहीच नाही. पाठीचे स्नायू हळूहळू ओढत राहिलं की कडी आपोआप वळते आणि कधीतरी बाण जातो. कधी जाईल ते आपल्याला कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ती असते. पहिल्याच दिवशी दोरी अर्धी ओढली असताना ती सुटली आणि माझीच मूठ माझ्या जबड्यावर बसली. ओठ सुजला. मुलं हसली. सरांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून दिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

घरी करायला त्यांनी सुतळीचा एक फास करून दिला, माझ्या मापाचा. डाव्या हाताने तो पुढे रेटायचा, उजव्या हातातल्या कडीने मागे ओढायचा, डोळे मिटायचे आणि वाट पाहायची. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मी ते करायचे, शेगावच्या गाडीत मागच्या सीटवर करायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, या पोरीले काय झालं माय.

डोळे मिटले की पहिले काही दिवस फक्त कागद दिसायचा. मिटलेल्या डोळ्यांतही पिवळं, आणि पिवळ्याखाली अडकलेलं टिंब. मग हळूहळू तो कागद विटत गेला. तुरीच्या वाळलेल्या शेंगांचा वास यायला लागला. दूर ट्रॅक्टर चालू व्हायचा, तो ऐकू यायला लागला. तळपायाखालची माती गार आहे हे समजायला लागलं. सर आम्हाला अनवाणीच उभं करत. दोन खांद्यांच्या मधे, पाठीत, कुणीतरी दार सरकवतंय तसं वाटायचं. मी कुठे तरी खूप आत उतरायचे, आणि बाण जायचा, आणि मी परत वर यायचे.

पण तरी दर वेळी शेवटच्या क्षणी मी थोडं ढकलायचेच. मला कळायचं. सरांनाही कळायचं. ते भिंतीकडून म्हणायचे, "हा तुया होता." पुन्हा बाण. "हाबी तुया." शंभर बाण, दोनशे बाण. सगळे माझेच.

संक्रांतीच्या तीनचार दिवस आधीची गोष्ट. धुकं इतकं होतं की भिंतीवर सावली नव्हतीच, सर नुसत्या ओल्या भिंतीकडे पाहत बसले होते. मी दोरी ओढली. पठारावर पोहोचले. डोळे मिटले. कुठेतरी पोपट ओरडत गेले. आईने आज डब्यात काय दिलं असेल असं काहीतरी मनात आलं, आणि तेवढ्यात एक हलका आवाज झाला, कुणी वहीचं पान उलटल्यासारखा. मी डोळे उघडले. हातातलं धनुष्य पुढे झुकलं होतं. बाण पोत्यात होता. तो मी सोडला नव्हता. तो गेला होता.

मी वळून पाहिलं. सर पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ करून माझ्याकडे पाहत होते. सावली नसताना त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे.

"हा तुया नाई," ते म्हणाले. "हा पयला."

तीन वर्षांत हजारो बाण मारलेल्या मुलीला ते सांगत होते, हा पहिला. आणि मला ते पटलं.

बाबांना मात्र यातलं काही पटण्यासारखं नव्हतं. ते एका सकाळी मला डबा द्यायला आवारात आले तेव्हा त्यांनी काय पाहिलं? बाकीची मुलं पन्नास मीटरवर कागदावर बाण मारताहेत आणि आपली मुलगी कोपऱ्यात, दोन पावलांवरून, डोळे मिटून, कोऱ्या पोत्याला. डबा ठेवून निघून गेले.

फेब्रुवारीत राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. मी कागद मागायचं विसरले, तेव्हा सरांनीच तो परत लावला, त्याला फक्त तीन आठवडे झाले होते. बाबा रजा टाकून बरोबर आले. सर संत्र्यांची पिशवी घेऊन आले.

सकाळ छान गेली. टिंब थरथरत होतं, पण अडकत नव्हतं. सरांनी सांगितलेलं डोक्यात होतं: टिंब हिंडते त हिंडू दे, त्याले धरायले जाऊ नोको, तू फक्त ओढत राह्य. अन् घाई वाटली की बाण सोडू नोको, धनुष्य उतरव. दुपारनंतर वारं सुटलं. शेवटची फेरी, चार मिनिटांत सहा बाण. पाच गेले. सहावा ओढला, पिवळ्यावर आले, आणि ती जुनी ओळखीची घाई पोटातून वर आली. मूठ आवळायला लागली. मी धनुष्य उतरवलं. पुन्हा उचललं, ओढलं. तीच घाई. घड्याळ दिसत होतं. एक हिसका दिला असता तर बाण गेला असता. मी पुन्हा उतरवलं, आणि शिट्टी झाली.

माझा एक बाण तसाच राहिला. संघातल्या शेवटच्या मुलीपेक्षा मला चार गुण कमी पडले. तो सहावा बाण कागदावर अगदी कडेला लागला असता तरी पाच मिळाले असते.

बाबांनी हे गणित माझ्याआधी केलं. मैदानाबाहेर सर पिशवी उघडून मला संत्रं देत होते आणि खरोखर आनंदात होते, "दोनदा उतरवलं हिनं! दोनदा!" असं ज्याला त्याला सांगत होते. बाबा पुढे आले.

"सर, काऊन उतरवलं तिनं?"

"घाई आली म्हनून."

"घाई आली त काय झालं? एक बान! कसाबी मारला असता, डोये मिटून मारला असता, तरी पोरगी आज संघात असती. डोये मिटून मारायचंच शिकवलं ना तुमी तिले तीन महिने?"

सर संत्रं सोलत राहिले. बाबांचा आवाज चढत गेला. आजूबाजूची माणसं थांबून पाहायला लागली. "आन् मीच येडा. ज्या मानसाले चहाचा कप धरता येत नाई, त्याच्या हाती पोरगी देल्ली. तुमचेच हात थरथरून राह्यले, तुमी काय नेम शिकवता हो?"

मला वाटलं, जमीन फाटावी. सरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं, आणि ते हलत होतं.

"हाव, थरथरतात," ते शांतपणे म्हणाले. "पस्तिशीत सुरू झालं. मी लय दाबलं त्यायले. दोरीनं बांधून पाह्यलं, मनगटावर इस्त्रीचं वजन ठेवून रेघा मारल्या. जेवढं दाबलं तेवढी रेघ बिघडली. मंग मी ब्रशच खाली ठेवला. हात थरथरते म्हनून नाई गेलं माहं चित्र. थांबवाले गेलो, म्हनून गेलं." मग संत्रं पिशवीत ठेवत, "तुमच्या पोरीचं जाऊ नये, एवढंच पाह्यत होतो."

बाबा माझा हात धरून स्टँडकडे निघाले. सर आमच्या गाडीत बसलेच नाहीत.

धनुष्य कपाटावर गेलं. बाबांनी मला स्पर्धापरीक्षेचं पुस्तक आणून दिलं. सर घरी समजूत घालायला येतील असं मला वाटत होतं, पण ते आले नाहीत, निरोपही आला नाही. एकदा बाजारात लांबून दिसले. एका भांड्यांच्या दुकानासमोर उभे होते, परातीत पडलेलं ऊन पाहत. मी गर्दीतून मागे फिरले.

कडी माझ्याकडे राहिली होती, आणि सुतळी. एका संध्याकाळी वरण उकळायची वाट पाहत मी ओट्याशी उभी होते. हात आपोआप वर गेले. डोळे मिटले. सुतळी ताणून धरली आणि आत उतरले. किती वेळ गेला कळलं नाही. कडी सुटली, डोळे उघडले, तर दारात बाबा उभे. हातात सायकलची किल्ली तशीच. वरण उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं.

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी गॅस बंद केला. मग विचारलं, "काय दिसते तुले डोये मिटल्यावर?"

"काहीच नाई बाबा."

"मंग?"

"घाई नसते."

ते फडकं घेऊन सांडलेलं वरण पुसायला लागले. ग्रामपंचायतीच्या खिडकीशी दिवसभर दाखल्यांसाठी उभ्या माणसांची घाई झेलणारा तो माणूस. "बरं हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर धनुष्य कपाटावरून खाली होतं, पुसून ठेवलेलं. बाबा चपला घालून तयार. आम्ही जिनिंगच्या आवारात गेलो तेव्हा नुकतं ऊन आलं होतं. सरांनी आम्हाला पाहिलं. महिना-दीड महिना मधे गेलाच नाही अशा आवाजात मला म्हणाले, "चपला काढ, उभी राह्य." आणि बाबांना म्हणाले, "बरं झालं तुमी आले. आज गिरवाले कोनी नाई. हा घ्या कोयसा."

बाबांनी कोळसा घेतला. मी दोरी ओढून उभी राहिले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं, बाबा पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सावरून, जीभ दातांत धरून, माझ्या सावलीची कड गिरवत होते. जन्ममृत्यूच्या नोंदी करतात तशी, एकही खाडाखोड न करता. सर शेजारी उभं राहून हळू आवाजात सांगत होते, "खांद्यापाशी हळू. अता कोपर. हे पाह्यलं काय, कशी सरय रेघ हाय." शेवटी खाली माझं नाव घालायचं होतं. बाबांनी ते संपूर्ण घातलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सरकारी वळणदार अक्षरात. सर ते अक्षर किती तरी वेळ पाहत राहिले. "वा," म्हणाले. "काय हात हाय तुमचा!"

बाबांनी कोळशाची बोटं रुमालाला पुसली. त्यांना त्या दिवशीचं बोलणं मागे घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. पण आमच्या घरात माफी मागायची कुणाला सवय नाही. त्यानंतर ते रविवारी आवारात यायला लागले. पोती बदलायला मदत करायचे, वाकडे झालेले बाण वेगळे काढायचे, आणि सरांशी पावसापाण्याचं बोलायचे.

मी आता बुलढाण्यात एका सरकारी कार्यालयात काम करते, खेळाच्या कोट्यातूनच. सर जाऊन दोन वर्षं झाली. झोपेत गेले. आवारात आता दुसरा एक मुलगा शिकवतो, चांगला शिकवतो, मोबाईल तीनपायी स्टँडवर लावून. पण सरांची आठवण झाली की मला ते त्या दुसऱ्या चाचणीच्या दिवशी दिसतात.

पुढच्या वर्षीची तीच चाचणी, तेच मैदान. सर, बाबा आणि मी, तिघं पहाटेच्या गाडीने गेलो. मी आत रांगेत उभी राहायला गेले तेव्हा सर म्हणाले, मी बाहेर सावलीत बसतो. बाबा कुंपणाशी. शेवटच्या फेरीत पुन्हा ती घाई आली. मी धनुष्य उतरवलं. श्वास घेतला, तळपाय चाचपले, पुन्हा ओढलं. या वेळी टिंब पिवळ्यावर हिंडत राहिलं, एखादी माशी फुलावर हिंडते तसं, आणि मी त्याला हिंडू दिलं. वहीचं पान उलटलं. किती गुण पडले ते मी पाहिलंही नाही, दुसरीच मुलगी ओरडली म्हणून कळलं.

संघाची यादी लागली, त्यात माझं नाव चौथं होतं.

मी धावत बाहेर आले. मैदानाबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर सर झोपले होते. गाढ. तोंड थोडं उघडं, चष्मा छातीवर. आणि मला एक गोष्ट दिसली, जी मी त्यांच्या बाबतीत कधी पाहिली नव्हती. त्यांचे हात पोटावर एकमेकांवर ठेवलेले होते, आणि ते अगदी स्थिर होते. झोपेत ती थरथर नव्हती.

त्यांच्या उशाशी बाबा बसले होते. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. सरांच्या तोंडावर बसणाऱ्या माश्या ते हळूहळू वारत होते. मला पाहून त्यांनी भुवया वर केल्या. मी मान हलवली, हो म्हणून. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वर्तमानपत्र थांबलं नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरांच्या पायांशी बसले. आमची परतीची शेगावची गाडी समोरून गेली. आम्ही तिला हात केला नाही. तिच्या आवाजाने सरांनी एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं, पण निकाल विचारला नाही.

"गाडी गेली काय?" म्हणाले.

"झोपा सर," बाबा म्हणाले. "मांगून दुसरी हाय."